आखितीचं पाणी

वीतभर उंचीचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक ठोकळा धड निघाला, तर सुमनबाईला त्यातून लेक मिळणार होती. बाकीच्यांचे फायदे त्यामानाने किरकोळ. नवऱ्याला, ग्यानबाला, बापानं उभारलेलं शेड राहणार होतं. कुरुंद्याच्या आसपासच्या हळदवाल्यांना पॉलिशच्या ड्रमचा गिअरबॉक्स जीपमध्ये घालून नांदेडला न्यावा लागणार नव्हता. त्या लेकीला, शिवकन्येला, वाळूजच्या कंपनीतली नोकरी सोडून घरच्या मशीनवर उभं राहता येणार होतं. पण शिवकन्या घरी राहिली म्हणजे संध्याकाळी भाकरी थापताना समोर बोलायला माणूस असणार, ही गोष्ट एकट्या सुमनबाईच्या नावावर जमा होती आणि ती तिनं कोणाजवळ काढली नव्हती. फायदा बोलून दाखवला की त्याला वाटेकरी निघतात, एवढं ती या घरात सून म्हणून आल्यावर पहिल्याच वर्षी शिकली होती.

तोटा व्हायचा तर तोही ठरून ठेवलेला होता. होळीनंतर दोघा भावांची बैठक झाली तेव्हा थोरल्या नामाजींनी शेडचा विषय काढला. शेड सामायिक जागेवर होतं. वडील, अमृतराव, यांनी त्यात नांगराचे फाळ जोडण्यापासून सुरुवात केली आणि मरायच्या आधी कुठल्याशा बंद कारखान्यातून एक जुनी मिलिंग मशीन आणून ठेवली. लोखंड कापून सपाट करणारी, खाचा पाडणारी ही मशीन तब्येतीनं ठणठणीत होती, पण बुटकी. खाली टेबल, वर कापणारं डोकं, आणि दोन्हींच्या मध्ये जागा एवढीशी, की हळदीच्या ड्रमचा गिअरबॉक्स काही तिच्याखाली मावत नसे. किरकोळ कामावर शेड चालत नव्हतं. नामाजींच्या स्वप्निलला मात्र हळदीची पोती ठेवायला जागा हवी होती, आणि ती त्याला याच शेडात दिसत होती.

तोडगा शिवकन्येनं काढला. मशीनचा खांब आणि डोकं यांच्यामध्ये वीतभर उंचीचा पोकळ ठोकळा बसवला, की डोकं तेवढं वर जातं. इतक्या जुन्या मशीनचा तसला ठोकळा बाजारात मिळत नाही. तो घरीच ओतायचा आणि मग त्याच मशीनवर त्याची तोंडं सपाट करून घ्यायची. म्हणजे मशीननं स्वतःचीच मान स्वतःच्या हातानं लांब करायची. हे ऐकून स्वप्निल हसला होता. नामाजी हसले नाहीत. त्यांनी निवाडा दिला, की आखितीचा मुहूर्त चांगला, त्या दिवशी ओता, पण ओत एकच. निघाला तर शेड कायमचं ग्यानबाचं. न निघाला तर दुसऱ्या दिवशी वसमतच्या भीमसिंग भंगारवाल्याचा टेम्पो येईल आणि मशीन घेऊन जाईल. ग्यानबानं मान हलवली. थोरल्या भावापुढं मान हलवणं हा त्याचा जुना धंदा होता आणि मशीनपेक्षा तोच जास्त चालायचा.

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी सगळे नामाजींच्या घरी जमले. या दिवशी पितरांना पाणी द्यायचं, नवी घागर भरून ठेवायची, मग पुरणपोळी आणि आमरस. नामाजी पाटावर दक्षिणेकडं तोंड करून बसले. शेजारी त्यांच्या बायकोनं, चांगुणाबाईनं, तांब्या धरला. नामाजींनी उजवा हात पुढं केला, अंगठा बाहेर काढला आणि हात उजवीकडं कलता करून अंगठ्यावरून पाण्याची धार ताम्हणात सोडली. अमृतरावांना, त्यांच्या बापाला, त्यांच्याही बापाला. सुमनबाई डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी होती. भासऱ्यापुढं, थोरल्या दिरापुढं, तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. काही सांगायचंच झालं तर ती नवऱ्याला सांगे, नाहीतर जावेला, आणि ते भासऱ्याच्या कानावर पडेल एवढ्या आवाजात सांगे. या रितीत एक सोय होती. उत्तर द्यायचं की नाही, हे त्यांना ठरवता येई, आणि विचारलं होतं की नाही, हे तिला.

जेवणं उरकून मंडळी शेडात आली. तिथली तयारी आठवडाभर चालली होती. आसना नदीच्या पात्रातली वाळू सुमनबाईनं आपल्या पिठाच्या चाळणीनं चाळली होती आणि ती चाळणी आता पिठाच्या कामाची राहिली नव्हती. रानातली काळी माती वाळवून, कुटून तिच्यात मिसळली होती, म्हणजे वाळू धरून राहते. शिवकन्येनं सागवानाचा फर्मा कोरला होता, हव्या त्या मापापेक्षा जरासा मोठा, कारण धातू थंड होताना आकसतो. लाकडी पेटीत फर्म्याभोवती वाळू ठासायची, फर्मा अलगद काढून घ्यायचा, आणि त्याच्या जागी राहिलेल्या पोकळीत वरच्या भोकातून रस ओतायचा. भट्टी म्हणजे आतून मातीनं लिंपलेलं पत्र्याचं पिंप. त्याला हळद शिजवायच्या बॉयलरचा पंखा लावला होता. धातू म्हणून ग्यानबानं ट्रॅक्टरवाल्यांकडून फुटके पिस्टन मागून आणले होते. ते कमी पडले तेव्हा सुमनबाईनं घरातली जर्मनची भांडी एकेक करून दिली होती. तिच्या मांडणीवर आता स्टीलचे ग्लास आणि एक तवा शिल्लक होता.

"मोठे बाबा, वाळूची ओल बघा," शिवकन्या बाजेवर बसलेल्या नामाजींना दाखवत होती. तिनं मूठभर वाळू दाबली, गोळा झाला, तो मोडला तर त्याचे नीट दोन तुकडे झाले. हाताला ओल लागली नाही. "एवढीच पाहिजे. वाळूला ओल सोसते, पाणी सोसत न्हाई. रसाखाली पाणी आलं का त्याची वाफ होते अन् वाफ रसातून वाट काढते."

"म्हंजे पुरणासारखं," चांगुणाबाई म्हणाली. "सैल झालं का पोळी फुटते."

"तसंच, मोठी आई."

नामाजींनीही ऐकलं. मान डोलावली. सुमनबाईनं ते पाहिलं होतं, आणि पुढं तिला ते विसरता आलं नाही.

भट्टी पेटली. पंखा घुमायला लागला तसं शेडात बोललेलं कोणाचं कोणाला ऐकू येईना. ग्यानबा आणि शिवकन्या पायांना गोणपाट गुंडाळून मुशीपाशी वाकले होते. स्वप्निल पांढरेशुभ्र नवे बूट घालून आला होता आणि मोबाईल आडवा धरून जागा शोधत होता. मशीन जाताना आठवण राहावी म्हणून तो व्हिडिओ काढणार होता, असं तो म्हणाला होता. त्यात त्याला काही वाईट वाटत नव्हतं. स्वप्निल मनानं वाईट नव्हता, फक्त त्याची पोती नेहमी दुसऱ्याच्या जागेत मावायची.

रस तयार झाला. ग्यानबा चिमटा घ्यायला वळला, तेवढ्यात नामाजी बाजेवरून उठले. त्यांनी घरून आणलेला पाण्याचा तांब्या उचलला आणि पेटीपाशी आले.

"बाबाचं शेड हाय," ते बोलले. पंख्याच्या आवाजात ते फक्त जवळ उभ्या असलेल्या दोघी जावांना ऐकू आलं. "आधी त्याला पाणी. मंग तुमचं काम."

ते वाकले. ओंजळभर पाणी त्यांनी पेटीच्या भोकावर धरलं आणि बोटांच्या टोकांवरून सोडलं, मिरचीच्या रोपाला बुडाशी घालावं तसं, बेतानं, एक थेंबही बाहेर न सांडता. मग तांब्या खाली ठेवून परत बाजेवर जाऊन बसले.

सुमनबाईच्या तोंडाशी शब्द आला. पण तो भासऱ्याला म्हणता येणारा नव्हता, आणि नवरा पंख्याच्या पलीकडं होता. "अहो, थांबा," ती ओरडली. ग्यानबानं हात वर करून तिला लांब राहायला सांगितलं. त्याला वाटलं, बाई घाबरली.

रस भोकात गेला आणि भोकानं तो अर्धा परत दिला. गुरगुर झाली, वाफ फुसफुसली, चांदीसारखे गोळे उडून पेटीभर पडले. ग्यानबा आणि शिवकन्या मागं सरकले. त्यांच्या गोणपाटाला डाग पडले, अंगाला काही झालं नाही. एक थेंब लांब जाऊन स्वप्निलच्या बुटावर बसला आणि त्यानं तिथं वाटाण्याएवढं भोक पाडलं. स्वप्निलनं बूट एवढ्या चपळाईनं काढला, की त्याचा व्हिडिओ मोबाईलमध्ये न येता पाहणाऱ्यांच्या ध्यानातच राहिला.

थोड्या वेळानं पेटी मोडली. ठोकळा आला तो वारुळासारखा, एका अंगानं नुसता भोकांचा. पंखा बंद केला होता, त्यामुळं सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि म्हणून कोणी बोलत नव्हतं.

"झालं," नामाजी म्हणाले. "बाबाची मर्जी न्हाई."

स्वप्निल एका पायात बूट घालून बाहेर गेला आणि भीमसिंगला फोन लावून सकाळी किती वाजता येणार म्हणून विचारू लागला. ग्यानबा उकिडवा बसला. मोठ्या भावानं निवाडा दिला होता आणि देवानं त्यावर सही केली होती, असा त्याचा चेहरा. शिवकन्या मात्र ठोकळा काठीनं उलटापालटा करून बघत होती.

"बाकी सगळा चांगला आलाय," ती म्हणाली. "ओतायच्या भोकाखालीच गेलाय. इथंच पाणी व्हतं. कोणी सांडलं का काही?"

"माती तूच भिजवली ना," स्वप्निल दारातून म्हणाला.

"भिजवली, पण एकसारखी. एकाच जागी न्हाई."

नामाजी बाजेच्या सुंभाकडं बघत होते. चांगुणाबाई तांब्याकडं बघत होती. सुमनबाई दोघांकडं बघत होती आणि मनात आकडेमोड करत होती.

खरं सांगितलं तर काय येईल? ग्यानबा आयुष्यात पहिल्यांदा भावापुढं उभा राहील, स्वप्निल बापाच्या बाजूनं उठेल, दोन घरांमधली विहिरीची वाट बंद होईल. शेड मिळेलही. पण सगळं गाव म्हणेल, पोरीच्या मशीनपायी दोन सख्खे भाऊ तुटले, आणि उद्या पोरीला बघायला येणारा पाहुणा नाक्यावरच हे ऐकून परत फिरेल. शिवाय नामाजी म्हणणार, मी बापाला पाणी दिलं, त्यात काय चुकलं? आणि आखितीच्या दिवशी बापाला पाणी देणाऱ्याला चूक कोण म्हणेल? गप्प राहिलं तर हिशेब सोपा होता. सोमवारी सकाळची एसटी, शिवकन्येची बॅग, आणि संध्याकाळी चुलीसमोर रिकामा पाट.

भिंतीवर अमृतरावांचा फोटो होता. सकाळचा हार सुकायला लागला होता. सुमनबाईनं पदर सारखा केला, फोटोपुढं गेली आणि हात जोडले.

"मामंजी," ती म्हणाली, मोठ्यानं, सासऱ्याशी जिवंतपणी बोलायची त्याहून मोठ्यानं. "तुमच्या थोरल्या लेकानं तुमाला पाणी दिलं. मी मह्या डोळ्यानं बघितलं. आधी तुमाला, मंग काम, असं ते म्हणले. म्हंजे पहिली ओत तुमची झाली. तुमी लई दिवसांचे तहानलेले व्हता, एका घोटात घेतली. आता पोरांची राहिली हाय."

शिवकन्येच्या हातातली काठी थांबली. ग्यानबानं आधी बायकोकडं पाहिलं, मग तांब्याकडं, मग भावाकडं. त्याला समजायला वेळ लागायचा, पण समजायचं.

"पण ठरलं एकच व्हतं, काकू," स्वप्निल म्हणाला.

"एकच," सुमनबाई फोटोलाच म्हणाली. "तीच राहिली हाय, असं म्हणते मी."

आता सगळे नामाजींकडं बघत होते. फास साधा होता. पाणी बापाचं असेल, तर त्या पाण्यात गेलेली ओत बापाची. आणि बापाची नसेल, तर पाणी कशाचं होतं, हे सांगावं लागणार. नामाजी हुशार गृहस्थ होते. आपल्याला कुठं बांधलं आहे, हे त्यांना गाठ बसायच्या आधीच दिसलं. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"बराबर हाय," ते म्हणाले. "बाबाची येगळी, तुमची येगळी. ओता."

"दादा, पाणी..." ग्यानबा म्हणू लागला.

"पाणी दिऊन झालं," नामाजी म्हणाले. "आता मी दारात बसतो."

आणि ते खरोखर दारात जाऊन बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, सगळ्यांना दिसतील असे.

पुढचं काम घाईचं होतं. जर्मन गरम असतानाच भाकरीसारखं तुटतं, थंड झालं की हातोड्याला दाद देत नाही. ग्यानबानं ठोकळा तुकडे तुकडे केला. शिवकन्येनं ओली वाळू बाहेर टाकली, बेताच्या ओलीची दुसरी घेतली आणि नवी पेटी ठासली. मग तिनं तुकडे हातानं जोखले आणि कपाळाला हात लावला. उडालेला रस वाळूत गेला होता, वरचा मळ जळून गेला होता. ठोकळा भरायला धातू कमी पडत होता. आखितीला दुकान उघडं नाही. शेडात फुटका पिस्टन राहिला नव्हता, आणि सुमनबाईच्या मांडणीचं तर वर सांगितलंच.

नामाजींच्या घरात जर्मनची भांडी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागणार कोण? ग्यानबा मागणार नाही. सुमनबाईला मागता येत नव्हतं. स्वप्निलनं तर मोबाईलमध्ये डोकं घातलं होतं.

चांगुणाबाई उठली आणि शेडाबाहेर गेली.

आली ती डोक्यावर पातेलं घेऊन. मोठं, रुंद तोंडाचं, दुपारची चिंच-गुळाची चिंचवणी ज्यात केली होती तेच. घासून आणलं होतं, बुडाला अजून ओल होती. काठावर टोच्यानं कोरलेली अक्षरं होती, लग्नाच्या भांड्यावर असतात तशी. सेनगावहून तिच्या आईनं दिलेलं. नानीबाईकडून चि. चांगुणास.

नामाजींनी दारातून मान वर केली. "ते तुह्या मायेरचं हाय ना?"

"व्हय."

"दुसरं न्हाई का घरात?"

"हाये," चांगुणाबाई म्हणाली आणि पातेलं शिवकन्येच्या हातात दिलं. "आधी पुसून घे, लेकरा. ओल हाय त्याला."

शिवकन्येनं पुसलं, भट्टीच्या झाकणावर धरून कोरडं केलं. भांड्याचा धातू जरा मऊ असतो, ती सांगत होती, पण पिस्टनमध्ये मिसळला की चालून जातो. तिला काहीतरी बोलत राहणं भाग होतं. ग्यानबानं पातेलं पायाखाली चेपून मुशीत घातलं. काठ सगळ्यात शेवटी बुडाला. चि. चांगुणास एवढं वर राहिलं, मग तेही आडवं झालं आणि गेलं.

दुसऱ्या वेळी रस भोकात शिरला तो तूप पुरणात जिरावं तसा. आवाज नाही, धूर नाही. काठोकाठ भरला, मधोमध जरासा खचला आणि तसाच राहिला. शिवकन्येनं चिमटा खाली ठेवला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे पेटीकडं बघत बसले, नव्यानं व्यायलेल्या म्हशीकडं बघावं तसे. उन्हं कलली तेव्हा पेटी मोडली. ठोकळा आला तो चारी कडा शाबूत, अंगावर वाळूचा खरबरीतपणा तेवढा. शिवकन्येनं त्यावर हातोडीनं हळूच टिचकी मारली. घंटेसारखा वाजला नाही, पण फुटकाही वाजला नाही.

"निघाला," नामाजी दारातून म्हणाले. उठले, आत आले, ठोकळ्याभोवती एक चक्कर मारली. "शेड ग्यानबाचं." मग लेकाला म्हणाले, "भीमसिंगला सांग, येऊ नको."

सांगायला स्वप्निल बाहेर गेला. शिवकन्याही मागून गेली, स्वतःच्या फोनवर, वाळूजच्या साहेबाला सोमवारपासून येत नाही म्हणून सांगायला. सुमनबाईनं ते वाक्य भिंतीआडून नीट ऐकून घेतलं. अर्धवट ऐकलेल्या जमेवर तिचा विश्वास नव्हता.

हौदावर दोघी जावा हातपाय धूत होत्या. चांगुणाबाईच्या नखांत काजळी बसली होती. सुमनबाईनं तिच्या हातावर तांब्यानं पाणी घातलं. तोच तांब्या.

"अक्का," ती म्हणाली, "पातेलं काहून दिलं? दुसरं देता आलं असतं."

चांगुणाबाई नखं घासत राहिली.

"तू फोटोम्होरं बोलली ते बरं बोलली. तुह्याच्यानं घर राहिलं. पण ते खरं नव्हतं, सुमन."

"कोणतं?"

"पितराला पाणी आंगठ्यावरून सोडतेत." तिनं ओला हात पुढं केला, अंगठा बाहेर काढला, सकाळी नामाजींनी केला होता तसा. "ह्यांनी बोटावरून सोडलं. लगीन झाल्यापासून दर आखितीला मी बाजूला तांब्या धरून बसते. मला हात कळत न्हाई व्हय?"

सुमनबाईचं पाणी घालणं थांबलं. आपण जी गोष्ट पुण्याच्या खात्यावर चढवून टाकली, तिचा खरा आकडा जावेला पहिल्यापासून माहीत होता.

"बापाचं नाव घेऊन पाणी टाकलं अन् बापाला दिलं न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. "हे आमच्याच दारात उभं राहणार. मह्या लेकरावर येणार. दुसरं भांडं देऊन ते फिटलं नसतं. मह्या मायचं दिलं. आता वरती मही माय अन् मामंजी त्यांच्यात त्यांचं बघून घेतील."

"भाऊजींला ठावं हाय, तुमाला कळलं ते?"

"पातेलं पाह्यलं ना त्यांनी." चांगुणाबाईनं पदराला हात पुसले. "चाल. चिंचवणी उरली हाय. ती बारक्या गंजात काढून ठिवली, पण तापवायला काही मोठं न्हाई आता मह्याकडं."

"मह्याकडं तवा हाय," सुमनबाई म्हणाली.

दोघीही हसल्या, फार नाही.

संध्याकाळी दोन्ही घरं एकाच ठिकाणी जेवली. नामाजी जेवले नेहमीएवढं. चांगुणाबाईनं वाढताना त्यांच्या ताटाजवळ पाण्याचा तांब्या ठेवला नाही, ग्लास भरून ठेवला. त्यांनी तो उचलायला जरा वेळ घेतला. बाकी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

तर हिशेब असा लागला. ग्यानबाला शेड मिळालं आणि त्यासाठी त्यानं मान हलवण्यापलीकडं काही दिलं नाही. मशीनला मान मिळाली. सुमनबाईला लेक मिळाली. त्याबदल्यात जावेनं हौदावर सांगितलेलं एक वाक्य आयुष्यभर पोटात ठेवायचं तिच्या वाट्याला आलं, आणि ते तिला जड नव्हतं. स्वप्निलचा एक बूट गेला. नामाजींनी ओंजळभर पाणी घातलं आणि तेवढंच त्यांचं गेलं. भरलं ते चांगुणाबाईनं, जिला यातून काही मिळायचं नव्हतं. आणि तिच्या मांडणीवर पातेल्याच्या बुडाचा काळा गोल तेवढा उरला, त्यावर तिनं पुढं कधी दुसरं भांडं ठेवलं नाही.